पाचवा ठोका

काचेला बोटं लावू नका. हो, तुम्हालाच म्हणतोय मी. संग्रहालयाच्या या काचपेटीत वाटीएवढा करडा, चकचकीत गोटा दिसतोय ना, तोच बोलतोय. खालच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचू नका. पाटी लिहिणाऱ्याने मला कधी पाहिलंही नव्हतं.

मी जर्मेनियमचा स्फटिक. खाणीत होतो तेव्हा लोक मला थंडोबा म्हणायचे. ज्याने हे नाव पाडलं त्याला वाटलं, काय मोठा विनोद केला! पण नाव खोटं नव्हतं. ज्याच्याखाली थंडी जाऊच शकत नाही अशा थंडीच्या अगदी शेजारी मी आयुष्य काढलं. तेव्हा माझ्याकडून मायेची ऊब मागू नका. मी सांगणार आहे ती गोष्ट एका आईची आणि तिच्या लेकीची आहे, आणि ती सांगताना मी हात राखून बोलणार नाही. मला हातच नाहीत.

माझा जन्म भट्टीतला. मला वितळवलं, गाळलं, पुन्हा वितळवलं, पुन्हा गाळलं. माझ्या अंगात परका कण शोधायला गेलात तर दमून परत याल, इतकं मला शुद्ध केलं. मग त्या रसात एक दाणा बुडवला आणि गोगलगायीला लाज वाटेल अशा वेगाने वर ओढला. त्या दाण्याला धरून मी गोठत गेलो. भट्टीवरचा माणूस तेव्हा घरी कमी आणि माझ्यापाशी जास्त असायचा. त्याची बायको फोनवर ओरडायची, "त्या दगडाशीच मांडा संसार!" तो म्हणायचा, "अगं, हा निदान बोलत तरी नाही."

आकाशातून कणांची बारीक झड सतत चालू असते. आत्ता या क्षणी ती तुमच्या डोक्यातून पायापर्यंत आरपार चालली आहे. तुमचं काही बिघडत नाही, तुमच्यात बिघडण्यासारखं उरलंय तरी काय! पण माझ्यासारख्याला त्या झडीचा डाग लागतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. उंचावर तर ही झड आणखी दाट, म्हणून मला विमानात बसवलं नाही. जाड लोखंडी पेटाऱ्यात घालून ट्रकने नेलं आणि ड्रायव्हरला बजावलं, वाटेत कुठे उघड्यावर थांबायचं नाही. "बापरे, नवरीचे एवढे लाड नाही झाले कधी," असं म्हणत त्याने मान डोलावली, आणि पहिल्याच टेकाडावर, मोकळ्या आभाळाखाली, ट्रक लावून मस्त ताणून दिली. त्या झोपेचा डाग पुढे किती जणांच्या गणितात भरून काढावा लागला, ते त्याच्या गावीही नसेल.

मग मला एका बंद पडलेल्या जस्ताच्या खाणीत उतरवलं. वर डोंगराएवढा खडक, म्हणजे आभाळाची झड थेंबभरसुद्धा खाली येऊ नये. माझ्याभोवती शिशाच्या विटा रचल्या. शिसंही साधंसुधं नाही, जुन्या बुडालेल्या जहाजातून काढलेलं, कारण नवीन शिसं स्वतःच कण फेकत जरा कुरबुर करतं. आणि मग थंडी. अंगातला एकेक अणू गप्प बसेपर्यंत थंडी.

एवढा सगळा थाट कशासाठी? तर दूरच्या आकाशगंगा इतक्या जोरात गरगरतात की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाला त्या आवरल्या नसत्या, कधीच्या उधळून गेल्या असत्या. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. ते तुमच्याआमच्या आरपार जातं, कोणाला साधा धक्काही लागत नाही. पण कधीतरी, चुकूनमाकून, त्यातला एखादा कण माझ्या एखाद्या अणूवर आपटेल, मी जरासा तापेन, तो ठोका तारेतून बाहेर जाईल, आणि माणसाला कळेल की हे जग मुळात कशाचं बनलंय. झालं. माझं काम एवढंच. गप्प बसायचं आणि ठोका बसला की सांगायचं. माणसांना यातलं एकही काम धड जमत नाही.

मला कान नाहीत. पण कोणी जवळून चाललं, बोललं, खुर्ची सरकवली की माझं अंग बारीक थरथरतं. त्या थरथरीतून मी सगळं ऐकलं.

पहिले माझे मालक म्हणजे सर. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. त्यांची पद्धत जुनी. तारेतून आलेल्या रेघा कागदावर उमटायच्या आणि सर त्या डोळ्यांनी बघायचे. "हा कचरा. हाही कचरा. हा... थांब, हा बघू दे जरा." कोणता ठोका खरा आणि कोणता खोटा, ते त्यांचा अनुभव ठरवायचा. तीस-चाळीस वर्षं त्या विद्येत असंच चालत आलं होतं, आणि त्यातून मोठमोठे शोधही लागले होते. सर लबाड नव्हते. लबाड माणूस इतक्या मनापासून चुकत नाही.

एका वर्षी सरांना ठोके दिसले. एक नाही, चांगला जुडगा. बातमी बाहेर गेली. कॅमेरे घेऊन लोक खाली आले. सर शिशाच्या विटांवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "यानं ऐकलं." मी काहीही ऐकलं नव्हतं. पण मला कोण विचारतो?

सरांच्या हाताखाली एक तरुण बाई होती. घरी तान्ही मुलगी ठेवून ती खाणीत यायची. पुढे सगळे तिला बाईच म्हणू लागले, म्हणून मीही म्हणतो. सरांनी तिला शिकवलं, नोकरीला लावलं, बाळंतपणानंतर कोणी तिला परत घ्यायला तयार नव्हतं तेव्हा भांडून परत आणलं. तीच बाई खाली खाणीतच, पाहुण्यांसमोर, भरल्या सभेत उभी राहिली.

"सर, कोणता ठोका मोजायचा आणि कोणता सोडायचा, त्याची रेघ तुम्ही ठोके बघण्याआधी आखलीत की बघून?"

"अनुभवानं आखली."

"म्हणजे बघून." ती म्हणाली, "शाळेत आम्ही पुस्तकामागचं उत्तर बघून गणित सोडवायचो, सर. बरोबरच यायचं नेहमी."

पाहुणे हसले. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ती माझ्याजवळ आली, पाय उचलला आणि बुटाची टाच फरशीवर दाणकन आपटली. कागदावर रेघ उठली. हुबेहूब सरांचा शोध. तिने पुन्हा आपटली, पुन्हा तीच रेघ. मग ती शांतपणे म्हणाली, "पाळी बदलताना लिफ्ट तळाला टेकते. सरांचे सगळे ठोके त्याच वेळचे आहेत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," म्हणाले. एवढंच.

त्यानंतर सर खाली यायचे, पण त्यांच्यासाठी कोणी खुर्ची सोडायचं नाही. मग यायचे थांबले. ते गेल्याची बातमी आली तेव्हा बाई माझ्या तारा तपासत होती. "अच्छा," म्हणाली आणि तारा तपासत राहिली. त्या दिवसापासून मात्र खाली येताना तिची पावलं कधी वाजली नाहीत. मला आधी वाटलं, माझ्या काळजीपोटी; ती टाच तिलाच पुन्हा ऐकवत नव्हती, ते नंतर कळलं.

मग खाण बाईच्या हाती आली, आणि दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखी ती ताकसुद्धा फुंकून प्यायला लागली. तिने नियम केले. पहिला नियम, आधी रेघ आखायची, मग बघायचं. माझ्याकडून जे येईल ते संगणकातल्या एका बंद पेटीत साठवायचं, कोणी डोकावायचं नाही. सगळं ठरल्यावर एकदाच पेटी उघडायची आणि आत जे निघेल ते मुकाट्याने मान्य करायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून बघायचं म्हणे! ज्या विद्येचा जन्म डोळे उघडे ठेवण्यातून झाला, तिला आता स्वतःच्या डोळ्यांचीच भीती वाटायला लागली होती.

दुसरा नियम त्याहून भारी. त्याला ते लोक मीठ टाकणं म्हणायचे. एकाच माणसाने, कोणाला न सांगता, माझ्याकडून येणाऱ्या रेघांमध्ये मधूनच काही खोटे ठोके मिसळायचे. किती, कधी, ते फक्त त्यालाच माहीत. बाकीचे खऱ्याच्या आशेने राबायचे, लेख लिहायचे, सगळ्यांच्या सह्या व्हायच्या, आणि मगच मीठ काढायचं. ठोका खोटा असू शकतो ही धाकधूक मनात असली की माणूस उतावळा होत नाही, आणि खरा असू शकतो ही आशा असली की आळशी होत नाही. असा हिशोब. माझ्या अंगावर ते मीठ कधी पडायचं नाही, ते पुढे तारेत पडायचं. त्यामुळे खरं काय ते एक मला कळायचं आणि एक मीठवाल्याला.

वर्षं गेली. काही आलं नाही. पेटी उघडायची, आत शून्य. पुन्हा बंद करायची, पुन्हा शून्य. माणसं खाली आली तेव्हा काळ्या केसांची होती, वर गेली तेव्हा पांढऱ्या. मधूनमधून एक सिद्धांतवाला यायचा. आधी म्हणाला, कण जड आहे. नाही सापडला तेव्हा म्हणाला, हलका असेल. मग म्हणाला, इतका सुंदर सिद्धांत आहे की तपासण्याची गरजच काय, निसर्गाला सौंदर्याची चाड असते.

"निसर्गाला तुमचीच चाड नाही, सिद्धांत कुठला घेऊन बसलात," बाई म्हणाली. त्याने पुन्हा खाणीत पाय ठेवला नाही.

अशात बाईची लेक कामाला आली. ती संगणकवाली. बाईच्या पद्धतीत रेघ माणूस आखायचा. लेकीने यंत्राला हजारो ठोके दाखवून शिकवलं आणि रेघ आखायचं काम यंत्राकडे दिलं.

"पण ते ठरवतं कसं?" बाईने विचारलं.

"ते सांगत नाही, मॅडम. पण बरोबर ठरवतं." कामावर ती आईला मॅडम म्हणायची. घरी काय म्हणायची कोण जाणे, घरी दोघी बोलत असतील असं वाटत नव्हतं.

"सरही असंच म्हणायचे," बाई म्हणाली. पण पडताळून पाहिलं तर यंत्र खरंच माणसापेक्षा कमी चुकत होतं, तेव्हा तिने मान्य केलं. आकड्यापुढे ती नेहमी मान तुकवायची, माणसापुढे कधीच नाही.

जुना मीठवाला निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी बाईने लेकीचं नाव घेतलं. तिथे एक गृहस्थ होते, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारे. सगळे त्यांना शंकासुर म्हणायचे, आणि ते त्या नावाला ओ द्यायचे. ते लगेच म्हणाले, "बाई, आई आणि मुलगी? लोक काय म्हणतील?"

"अहो, हिनं लग्न ठरवलं तेसुद्धा मला शेजारणीकडून कळलं. ही मला काय सांगणार!"

सगळे खो खो हसले. लेक हसली नाही. तिने मिठाची जबाबदारी घेतली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

आता नीट ऐका. एका दुपारी खाली कोणी विशेष नव्हतं. एक तंत्रज्ञ नळीची गळती बघत गुणगुणत होता. लिफ्ट वर होती. आणि मला ठोका बसला. कसा होता ते विचारू नका, तुमच्या भाषेत त्याला शब्द नाही. खडक नव्हता, शिसं नव्हतं, ट्रकवाल्याच्या झोपेचा डाग नव्हता. इतक्या वर्षांच्या शांततेत माझ्या एका अणूला कोणीतरी बाहेरच्याने हात लावला आणि ते पुढे निघून गेलं. मी सांगायचं ते सांगितलं. रेघ तारेतून गेली, पेटीत पडली. तंत्रज्ञ गुणगुणत राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईच्या पावलांबरोबर काठी आली. रक्ताचा आजार होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिने कोणाला सांगितलं नाही, पण काठीवरचा भार आठवड्याला वाढत होता. त्याच सुमारास वरच्या समितीचा निरोप आला, की एवढी वर्षं झाली, हाती काही नाही, आता खाण बंद करा. बाईने उत्तर धाडलं, "ही शेवटची पेटी उघडू द्या."

पेटी उघडली. आत पाच ठोके. यंत्राने पाचही पास केले.

काय सांगू तुम्हाला! पोक्त माणसं शाळा सुटल्यासारखी नाचली. बाई खुर्चीत बसून राहिली, पण तिचा हात शिशावर होता, ते मला कळत होतं. तिला दुसरं काही नको होतं. मान नको, बक्षीस नको. मरायच्या आत एवढंच कळायला हवं होतं, की आहे की नाही. सरांना तिने ज्यासाठी संपवलं ते वाया गेलं की नाही.

ते पाच खरे की मीठ, ते एकट्या लेकीला माहीत. लेख लिहून सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत तिने बोलायचं नाही. आणि शंकासुर सही करेनात. आज हा दशांश तपासा, उद्या तो. महिन्यावर महिना चालला.

लेकीचे हाल कुत्रा खात नव्हता. ती गप्प राहिली की लोक कुजबुजायचे, "मीठच दिसतंय, चेहरा बघा." चुकून हसली की म्हणायचे, "खरं आहे रे, खरं आहे!" म्हणून ती एकटी, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली. एकदा ती शंकासुरांना म्हणाली, "काका, जरा लवकर बघा ना. आईची तब्येत..."

"घाई का करतेस? म्हणजे खरे आहेत?" त्यांनी डोळे बारीक केले.

त्यानंतर तिने तेही बोलायचं सोडलं.

मग एक दिवस लिफ्टमधून चाकांचा आवाज आला. बाईला चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. तिने सगळ्यांना बाहेर घालवलं. माझ्यापाशी फक्त ती आणि लेक.

"एकच सांग," बाई म्हणाली.

"नाही, मॅडम."

"मला आता लेख छापून आलेला दिसणार नाही. डॉक्टर पुढच्या महिन्याचं बोलतच नाहीत."

"माहीत आहे. पण नियम तुमचा आहे."

"मी आई म्हणून विचारतेय."

लेकीने भिंतीकडे तोंड केलं. तिचं रडणं मला फरशीतून कळत होतं. मग ती एकदम धडाधड बोलायला लागली. "आई, मी चार टाकले होते. तुझा आजार कळायच्या आधी टाकलेले. चारच. पेटीतून पाच निघाले. पाचवा माझा नाही, आई. मी शंभरदा तपासलं. तो माझा नाही. तो आला होता, आई."

आता तुम्हाला वाटेल, बाईने तिला जवळ घेतलं. तुम्ही बाईला ओळखत नाही.

ती म्हणाली, "चार खोटे आणि एक खरा. अगदी मापात."

"म्हणजे?"

"पाचही खरे म्हणालीस तर मला खोटं वाटेल. पाचही मीठ म्हणालीस तर मी मरेन. म्हणून एक. मरणाऱ्या आईच्या हातावर ठेवायला एक पुरतो."

"आई, मी खरं सांगतेय गं!"

"खरं असतं तर तुला बोलायची गरज नव्हती. मी मेल्यावर का होईना, मीठ निघालं असतं आणि जगाला दिसलं असतं. तू बोललीस, कारण तुला माझी दया आली." तिला धाप लागली, ती थांबली. मग म्हणाली, "धड खोटं बोलायलाही शिकली नाहीस."

आणि तिने घंटा दाबली.

सगळे आत आले. बाईने खुर्चीतूनच जाहीर केलं, "मीठवालीने तोंड उघडलं आहे. विचारलं मी, चूक माझी. पण नियमाप्रमाणे ही पेटी बाद. आतलं सगळं आणि मिठाचा हिशोब, दोन्ही पुसून टाका."

तेव्हा मध्ये पडले कोण, तर शंकासुर! "बाई, पुसायचं कशाला? बाजूला ठेवू. निदान मीठ काढून बघू तरी काय उरतं ते."

"उत्तर बघून गणित?" बाई म्हणाली. "सरांच्या रेघा मी ठेवल्या होत्या. अजून दर दोन वर्षांनी कोणीतरी त्या उकरून काढतो आणि म्हणतो, त्यात एखादा खरा होता. मी सरांना सोडलं नाही. स्वतःला सोडलं तर मी कोण?"

"मॅडम, प्लीज," लेक म्हणाली. "मला काढून टाका, पण ते पुसू नका. पाया पडते."

"हिला बाहेर न्या," बाई म्हणाली.

पुसणारा हात शंकासुरांचाच होता. त्यांना दोनदा बटण दाबावं लागलं, पहिल्यांदा नीट दाबलं गेलं नाही. आणि एवढ्या वर्षांत मी जे एकमेव खरं बोललो होतो, ते गेलं. जिला ते ऐकायचं होतं, जिने त्यासाठी गुरू गमावला आणि लेक गमावली, तिनेच ते हुकूम सोडून पुसायला लावलं. मला हसता येत असतं तर तेव्हा हसलो असतो. थंडीत तेवढंच राहून गेलं.

बाई पुढचा महिना बघू शकली नाही. शेवटी लेकीला भेटायला बोलावलं नाही, असं तंत्रज्ञ आपसात बोलत होते. एक जण म्हणाला, "बोलावलं असतं तर काय बोलल्या असत्या?" दुसरा म्हणाला, "नियमच सांगितला असता." दोघे हसले. माणसं अशीच असतात, मयताच्या वाटेवरसुद्धा चप्पल चावते म्हणून तक्रार करतात.

खाण बंद झाली. जहाजाचं शिसं दुसऱ्या प्रयोगाला गेलं, पंप भंगारात. मला गरम करून वर आणलं. वर आल्या आल्या आभाळाची झड अंगावर कोसळली. आता क्षणाला इतके ठोके बसतात की ऐकायचं कोणाला आणि किती! आयुष्यभर शांततेत ठेवलेल्याला अशा बाजारात आणून बसवलं आणि म्हणे हा माझा सन्मान. पाटीवर लिहिलंय, इतकी वर्षं शोध घेऊनही याला काही सापडलं नाही, आणि हेही एक मोलाचं उत्तर आहे. मोलाचं! सिद्धांतवाल्याने त्यावरही एक लेख लिहिला, की कण तिथे नव्हता हे त्याने आधीच सांगितलं होतं.

लेकीला त्या विद्येत पुन्हा कोणी उभं केलं नाही. नियम मोडणाऱ्या माणसाचा शब्द कोण घेणार? ती याच इमारतीत वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या पगाराचा संगणक सांभाळते. पहिली काही वर्षं ती रोज या पेटीसमोर थांबायची. कोणी नसलं की काचेला कपाळ टेकवायची आणि म्हणायची, "होता ना रे?" जो भेटेल त्याला सांगायची, चारच टाकले होते मी. लोक ऐकून घ्यायचे. मान हलवायचे. पाठ वळली की एकमेकांकडे बघायचे. मग तिने सांगायचं कमी केलं.

परवा शंकासुर आले होते. आता तेही थकलेत. दोघं इथेच, माझ्यासमोर उभे राहून बोलले.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "आता काय, सगळं संपलंय. माझ्या हातानं पुसलं मी ते. रात्री झोप लागत नाही मला. खरं सांग, किती टाकले होतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाच असतील हो, काका. मी सारखं आठवते आणि आता मलाच नक्की सांगता येत नाही. आईचं बरोबर असेल. मला तिची दया आली असेल, आणि मग मलाच ते खरं वाटायला लागलं असेल."

"तरी मला वाटलंच," शंकासुर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर कशावर विश्वास ठेवला नाही त्या माणसाने, यावर मात्र ताबडतोब ठेवला. जाताना तिच्या खांद्यावर थोपटून गेले.

चार. ऐकताय ना? तिने चारच टाकले होते. पाचवा माझ्या अंगावर वाजला, त्या दुपारी, आणि ती सोडून जगात कोणाला ते माहीत नव्हतं. आता तिलाही नाही.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. वरच्या मजल्यावर जा. खिडकीपाशी एक बाई बसलेली दिसेल, पगाराचे आकडे जुळवत. तिला सांगा, चारच होते. ती तुमचं नीट ऐकून घेईल, मान हलवेल, आणि म्हणेल, "तुम्हाला माझी दया आली वाटतं."